हाताची घडी, तोंडावर बोट: ही आज्ञा आता मागे घ्या

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
तसेच राज्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक

विषय: वर्गातील हालचालीला अध्यापनाचा भाग म्हणून लेखी मान्यता मिळण्याबाबत

महोदय आणि सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. माझी मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगते. मुलं उभी राहून, चालून, उड्या मारून, वळून, हात वरखाली करून जे शिकतात ते शिकणंच आहे, असं आपण लेखी मान्य करावं. मी पी.टी.च्या तासाबद्दल बोलत नाही. गणित, मराठी आणि परिसर अभ्यासाच्या तासाबद्दल बोलते आहे. आणि असा तास घेतला म्हणून कोणत्याही शिक्षकावर अधिकाऱ्यांच्या शाळाभेटीच्या वेळी खुलासा देण्याची पाळी येऊ नये.

दुपारचा आहार झाल्यानंतरचा पहिला तास ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पोटात खिचडी, डोक्यावर तापलेला पत्रा, समोर भागाकाराची उदाहरणं. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतून पहिलं बोट वर होतं: "बाई, पाणी प्यायला जाऊ?" त्याच्या पाठोपाठ दुसरं, मग तिसरं. कुणाची पेन्सिल टोक काढायला केराच्या डब्यापर्यंत जाते, कुणाचं खोडरबर तिसऱ्या बाकाखाली घरंगळतं. आपण याला खोड्या म्हणतो. मी या मुलांकडे बरीच वर्षं बघते आहे आणि माझी खात्री झाली आहे की त्यातल्या बहुतेकांना तहान लागलेली नसते. त्यांना उठायचं असतं. उठण्याची परवानगी मिळेल असं कारण आपण त्यांना एवढंच ठेवलं आहे.

आपल्या शाळांमध्ये वर्गात शरीर हलतं ते दोनच प्रसंगी. एक, मोठी माणसं आत आल्यावर उभं राहून नमस्ते म्हणताना. दुसरा, शिक्षा भोगताना. उठाबशा, ओणवं उभं राहणं, अंगठे धरणं, बाकावर उभं राहणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, त्याला आता पंधरा वर्षांवर काळ लोटला. पण उठाबशा पूर्णपणे गेल्या असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. ज्या मुलाला व्यायाम म्हणजे चूक केल्यावर करायची गोष्ट हे सातव्या वर्षी कळतं, त्याला सतराव्या वर्षी व्यायामाची गोडी कुठून लागणार?

यावर नेहमीचं उत्तर मिळतं, "त्यासाठी शारीरिक शिक्षणाचा तास आहे की." वेळापत्रकात तो आहे, हे खरं. चाचणी जवळ आली की तो गणिताकडे जातो, स्नेहसंमेलन जवळ आलं की नाचाच्या तालमीकडे आणि पावसाळ्यात मैदानात चिखल असतो म्हणून "शांत बसून वाचन" या नावाखाली जातो, हेही तितकंच खरं. मुळात तो तास घेणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तेही या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. म्हणजे वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, ऑनलाइन माहिती, आहाराचा हिशोब आणि शिवाय कागदोपत्री पी.टी. त्या शाळेला क्रीडाशिक्षक मिळेल आणि मग मुलं हलतील, अशी वाट बघत बसलो तर पिढी निघून जाईल. मुलांना हलवायचं असेल तर ते वर्गशिक्षकालाच करावं लागेल आणि शिकवता शिकवताच करावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल हवी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची माहिती एकत्र करून जे चित्र मांडलं, त्यात जगभरातल्या ११ ते १७ वयोगटातल्या ८१ टक्के मुलांना एवढी हालचाल मिळत नव्हती. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. बैठ्या सवयी चाळिशीत एकाएकी लागत नाहीत. त्या लावण्यात आपल्या बाकांचा वाटा आहे, आणि तो आपण शाळेनेच कबूल केला पाहिजे. पालकांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही.

तरीही मुख्याध्यापकांची खरी काळजी आरोग्याची नसते, गुणांची असते. ती रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर नीट देते.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरी-तिसरीच्या सुमारे ५०० मुलांवर दोन वर्षं एक प्रयोग केला. आठवड्यातून तीन वेळा, वीस ते तीस मिनिटं, गणित आणि भाषेचा नेहमीचाच सराव मुलांनी उभं राहून, उड्या मारत केला. दोन त्रिक किती, तर सहा उड्या. शब्दाचं स्पेलिंग सांगायचं, तर अक्षरागणिक एक उडी. दोन वर्षांनी ही मुलं गणितात आणि स्पेलिंगमध्ये बसून शिकणाऱ्या मुलांच्या पुढे होती. वाचनात मात्र फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाचनाची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण उड्या मारल्या की सगळं येतं असा माझा दावा नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० साली अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या जवळपास निम्म्या तुलनांमध्ये हालचालीचा शिकण्याला फायदा दिसला, उरलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत काहीच फरक दिसला नाही आणि नुकसान दिसलं ते केवळ दीड टक्का तुलनांमध्ये. म्हणजे फायदा झाला नाही तरी बहुतेक वेळा गुण होते तिथेच राहतात आणि शरीर सुधारतं.

एक हिशोब मला नेहमी ऐकवला जातो. रोज दहा मिनिटं म्हणजे वर्षाच्या २०० दिवसांत ३३ तास. कायद्याने पहिली ते पाचवीला ८०० तास अध्यापन बंधनकारक, त्यातले ३३ तास उड्यांत घालवायचे का? पण लंगडी घालत म्हटलेला सातचा पाढा हा पाढाच असतो. ती दहा मिनिटं अध्यापनातून वजा होतातच कशी?

आता वर्गात नेमकं काय घडतं ते एका उदाहरणातून सांगते. कोन हा घटक घ्या. पुस्तकात आणि फळ्यावर काटकोन बहुतेक वेळा एकाच रूपात भेटतो: एक रेघ आडवी, एक उभी, कोपरा डावीकडे खाली. तोच कोन जरा तिरका करून काढला की निम्मा वर्ग "हा काटकोन नाही" म्हणतो. दुसरी ठरलेली चूक म्हणजे रेघा लांब काढल्या की कोन मोठा झाला असं मुलांना वाटतं. ही चूक वहीत दुरुस्त करता करता आठवडा जातो.

मी मुलांना बाकांच्या मधल्या जागेत उभं करते आणि कवायतीतलाच हुकूम देते: दाहिने मुड. सगळे पाव फेरी वळतात. पुन्हा दाहिने मुड. आता सगळ्यांची पाठ फळ्याकडे. "पीछे मुड म्हटलं असतं तरी इथेच आलो असतो ना?" हे कुणीतरी ओळखतंच. चार वेळा वळल्यावर एक मुलगी ओरडली, "बाई, मी परत फळ्यासमोरच आले!" तिथे मी पाव वळणाला काटकोन हे नाव दिलं. मग एक मुलगा चुकून डावीकडे वळला, आणि वर्ग हसण्याऐवजी भांडायला लागला: हा काटकोन धरायचा की नाही? पाच मिनिटं वाद चालला. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं की कोणत्या बाजूला वळलो त्याने फरक पडत नाही, किती वळलो ते बघायचं. मग वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आणि सगळ्यात बुटकी मुलगी शेजारी उभे राहिले, दोघांनी हात लांब करून एकाच वेळी पाव फेरी घेतली. उंच मुलाचा हात लांब होता, पण वळण तेवढंच होतं. रेघ लांब म्हणून कोन मोठा, हा गैरसमज तिथे मोडला. अर्धं दाहिने मुड म्हणजे लघुकोन, दाहिने मुडच्या थोडं पुढे म्हणजे विशालकोन, हे तर मला शिकवावंही लागलं नाही. त्यानंतर मुलं खाली बसली आणि पट्टी-पेन्सिलीने वहीत कोन काढले. बसून करायचं काम बसूनच केलं, ते टाळलं नाही.

भाषेत हे आणखी सोपं आहे. तळ्यात-मळ्यात सगळ्या मुलांना येतं. फरशीवर खडूची एक रेघ. नाम म्हटलं की तळ्यात, क्रियापद म्हटलं की मळ्यात. 'खेळ' हा शब्द टाकला की मुलं रेघेवर अडखळतात, एक पाय इकडे एक तिकडे, आणि तो अडखळलेला पाय पाहिला की कुणाला काय समजलं ते मला चाचणीशिवाय कळतं. ऱ्हस्व वेलांटीला हात खांद्यापर्यंत, दीर्घ वेलांटीला पूर्ण वर, असं श्रुतलेखनाआधी पाच मिनिटं केलं तर लिहिताना मुलं स्वतःशीच हात उचलून खात्री करून घेतात. संख्यारेषा वहीत काढण्याआधी व्हरांड्यात काढा आणि तिच्यावर चालायला लावा. दिशा शिकवायच्या तर सूर्य उगवतो त्या बाजूला तोंड करून उभं करा. यातल्या कशालाही साहित्याचा खर्च नाही.

आणि हे बाहेरून आणलेलं फॅड आहे असं कुणी म्हणू नये. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली (आजच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला अंगणवाडीचा प्रयोग सुरू केला आणि पुढे त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत येऊ न शकणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरत असतील तिथे शिक्षक गेला. मुलाचं शरीर आणि त्याचा दिवसभराचा वावर हा अडथळा न मानता त्यांनी तिथूनच शिकवायला सुरुवात केली. त्याआधी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली होती. आणि अगदी अलीकडचं बोलायचं तर दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटच्या, म्हणजे कुमठे परिसरातल्या गटाच्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या आणि भिंतीच्या तळाशी मुलांच्या हाताला येणारे तळफळे बघून आले. त्यानंतर कितीतरी शाळांनी फरशा रंगवल्या. आज त्यातल्या अनेक फरशांवर बाक ठेवलेले आहेत. ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

बाकांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. गावाला वाटतं की बाक आले म्हणजे शाळा सुधारली. देणगीदार बाक देतात आणि शाळा व्यवस्थापन समितीही तेच मागते. ज्या वर्गात बस्करपट्ट्या होत्या तिथे त्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या की अख्खी खोली मोकळी व्हायची. आता तिथे जड लोखंडी बाक आहेत, जे चार मुलांना मिळूनही सरकत नाहीत. पहिली-दुसरीला बाक देऊच नयेत असं माझं मत आहे. द्यायचेच असतील तर एका मुलाला उचलता येतील असे हलके, सुटे द्यावेत.

बाकी अडचणी मला ठाऊक आहेत. पट पन्नासचा असेल तर सगळ्यांनी एकदम उड्या मारून चालणार नाही. तिथे एक रांग उभी, दोन रांगा बसून उत्तर तपासणाऱ्या, अशी पाळी लावावी लागते. वरच्या मजल्यावर वर्ग असेल तर खालच्या शिक्षकांना त्रास होतो, म्हणून तिथे उड्यांऐवजी वळणं, ताणणं, जागा बदलणं. जेवण झाल्याबरोबर दमवायचं नाही, चालण्या-वळण्यापुरतंच ठेवायचं. मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा भागांत कितीतरी मुलं आधीच अशक्त असतात, तिथे त्यांच्या अंगातली ताकद बघूनच काय करायचं ते ठरवावं. हे सगळं शिक्षकाला समजतं. त्याला फक्त ठरवू द्या.

मुलींचा प्रश्न मात्र मला घाईने उरकायचा नाही. सातवी-आठवीच्या वर्गांकडे मधल्या सुट्टीत बघा. मैदान मुलांच्या ताब्यात असतं आणि मुली भिंतीला टेकून, ओढणी सावरत उभ्या असतात. गणवेश, पाळी, स्वच्छतागृहाची अवस्था, मुलांचं बघणं, घरची ताकीद, अशी कितीतरी कारणं आहेत. मैदान सगळ्यांचं आहे असं नुसतं म्हणून त्या मैदानात उतरणार नाहीत. पण विज्ञानाच्या तासाला अख्खा वर्गच उभा राहून रक्ताभिसरणाचा मार्ग चालून दाखवत असेल, अर्धे लाल रक्त, अर्धे निळं, वर्गाच्या चार कोपऱ्यांत हृदयाचे चार कप्पे, तर तिथे मुलीही चालतात. ते कुणाला वावगं वाटत नाही. पाळीच्या दिवसांत एखादीला बसायचं असेल तर तिने कारण न सांगता बसावं, एवढी मोकळीक शिक्षकाने ठेवावी. दिव्यांग मुलांचंही तसंच आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला काटकोनात वळता येतं. पाय उचलता येत नाही त्याला हात उचलता येतो. मैदानावर जो नेहमी पंच किंवा प्रेक्षक होतो, तो वर्गातल्या खेळात खेळणारा होऊ शकतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी हे सगळं बरीच वर्षं करते आहे. एकदा भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या वर्गाच्या दारातून बघितलं तेव्हा मुलं संख्यारेषेवर मागे-पुढे चालत होती आणि मोठ्याने आकडे म्हणत होती. आत येऊन काय चाललं आहे ते कुणी विचारलं नाही. भेटीच्या वहीत शेरा आला: "वर्गात गोंधळ. वर्गशिस्त सुधारावी." शेऱ्याने माझं फार काही बिघडलं नाही, नोकरीत मुरलेली आहे मी. पण माझ्या शेजारच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवक बाई होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आपल्या वर्गातली खडूची रेघ पुसून टाकली. त्यांचं मी काय चुकीचं म्हणू? ज्याची नोकरी अजून कायम व्हायची आहे तो शांत वर्गच दाखवणार.

म्हणून परिषदेकडे माझं मागणं आहे की एक साधं परिपत्रक काढा. विषयाच्या तासात उद्दिष्ट धरून केलेली हालचाल हे अध्यापन आहे, ती अध्यापनाच्या तासांत मोजली जाईल, आणि शाळाभेटीच्या नमुन्यात "मुलं शांत बसली होती का" हे न बघता "मुलं काय शिकत होती" हे मुलांनाच विचारून नोंदवलं जाईल, एवढं त्यात असलं तरी पुरे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळाशी जोडलेल्या अध्यापनाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे आपल्याला वेगळी परवानगी काढायची गरज नाही. नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. बालभारतीच्या अभ्यास मंडळांशी बोलून, प्रत्येक घटकाच्या शिक्षक सूचनांमध्ये शरीराने करायची एक कृती आताच घालून घ्या. पुस्तकं छापून झाल्यावर त्याला अर्थ उरणार नाही.

प्रशिक्षण द्याल तर तेही खुर्चीत बसवून, पीपीटी दाखवून देऊ नका. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) आम्हा शिक्षकांनाच उभं करा, आमच्याकडून काटकोन वळून घ्या. पन्नाशीच्या शिक्षकांचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, माझेही दुखतात. शिक्षकाने उडी मारलीच पाहिजे असं नाही, हुकूम देता आला म्हणजे झालं.

आणि एक कळकळीची विनंती. याची नोंदवही काढू नका. रोज फोटो काढून ग्रुपवर टाका, लिंक भरा, अहवाल द्या, असं एकदा सुरू झालं की मुलं फोटोपुरती हलतील आणि शिक्षक दुसऱ्या वर्षी कंटाळतील. चांगल्या योजना आमच्या डोळ्यांदेखत अशाच वाया गेल्या आहेत.

मुख्याध्यापकांना परिपत्रकाची वाट बघण्याची गरज नाही. येत्या सोमवारपासून आहारानंतरच्या तासाची सुरुवात प्रत्येक वर्गाने उभ्याने करावी, त्या दिवशीच्याच धड्यातलं काहीतरी घेऊन, दहा मिनिटं. आवाज झाला तर कार्यालयातून शिपाई पाठवू नका, स्वतः येऊन बघा. एका सत्रानंतर संकलित मूल्यमापनाचे गुण आधीच्या सत्राशी ताडून पाहा, आणि पाणी प्यायला जाणारी बोटं किती कमी झाली तेही वर्गशिक्षकाला विचारा. माझ्या वर्गातल्या कृती घटकवार लिहून तयार आहेत. परिषदेने किंवा कोणत्याही केंद्राने मागितल्या तर त्या मी आनंदाने देईन, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन करूनही दाखवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका